समुद्रात गेला तर आऊट

किल्ल्याचं नाव दर्यागड.
बालाघाटाच्या या उघड्या पाठीवर
दर्या कुठला, असं कंडक्टरला विचारलं
तर त्यानं सुटे दोन रुपये हातावर ठेवले,
म्हणाला, उतरा, हाच फाटा.

वेशीपाशी सीताफळांची पाटी घेऊन बसलेल्या
हैदरसाब मणियारांनी
आधी भाव सांगितला, मग गोष्ट:
किनाऱ्याकडचा एक शायर होता,
कोण्या सुलतानानं त्याला इथं कोंडलं,
समुद्रापासून सगळ्यात लांबची कोठडी म्हणून.
भिंतीला कान लावून बसायचा.
किल्लेदाराच्या लेकीनं विचारलं, काय ऐकूलालाव?
भरती, तो म्हणाला.
ओढ्यापेक्षा मोठं पाणी तिला माहीत नव्हतं.
मग ती रोज पदरातून मीठ आणायची
आणि खंदकात सोडायची.
बारा वर्षं.

पायऱ्यांवर केरबा सोळुंके, पहारेकरी,
गणवेशाचं वरचं बटण तुटलेलं.
शायर-बियर काही नाही हो बाई,
मिठाचा कारकून होता, अफरातफरीत घावला.
कविता मागाहून चिकटल्या.
आणि ती लेक?
ती होती, म्हणाला.
तिच्यावरून कुणी भांडत नाही.

बुरुजात अंधार, वटवाघळांचा वास.
कोळशानं लिहिलेला एक मोबाईल नंबर,
शेवटचे दोन आकडे पुसलेले.
आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर
एक दगड गुळगुळीत झालेला,
कानाएवढा.
येणारे-जाणारे सगळेच टेकत असतील.
मीही टेकले.
गार होता. बाकी काही नाही.

समुद्र मी एकदाच पाहिलाय,
पस्तिसाव्या वर्षी, शिक्षकांच्या सहलीत,
साडी घोट्याच्या वर धरून.
येताना बाटली भरून आणली होती आईला दाखवायला.
तिनं झाकण उघडून वास घेतला,
बोट बुडवून चाखलं,
म्हणाली, हे तर आपल्या बोअरचं पाणी.

तटावरून खंदक दिसला. ठणठणीत कोरडा.
वेड्या बाभळी, कुणाच्या तरी म्हशीची तुटकी दावण,
आणि काठावर पोरांचा क्रिकेटचा डाव.
टेनिसचा बॉल उंच उडाला,
बुरुजाच्या सावलीत शिरला, बाभळीत गडप.

"समुद्रात गेला रे!"
तीन-चार गळे एकदम,
"समुद्रात गेला, आऊट!"

बॅटवाला हटून बसला,
कालपर्यंत समुद्रात चौका होता,
आजच कामून आऊट?
वाद लांबला. मधेच कुणीतरी
कुणाच्या तरी आत्याची शपथ काढली.

सगळ्यात लहान पोरगं तेवढ्यात
बॉल आणायला निघालं.
काठाशी क्षणभर थांबलं,
चपला काढून बाजूला ठेवल्या,
काट्यांनी भरलेल्या त्या खंदकात उतरण्याआधी
पँट गुडघ्यापर्यंत
नीट दुमडून घेतली.