कड

बाटली आली वेंगुर्ल्याच्या दुपारच्या एस्टीने.
लोणच्याची होती, झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे,
आत फॉर्मॅलिन आणि सुपारीएवढं काहीतरी.
चिठ्ठीवर: शेवंती कोचरेकर, निवती, वय बेचाळीस,
उजवा खांदा, गाठ, तिसऱ्यांदा.
आधीच्या दोन्ही वेळा "चरबीची असेल" म्हणून
कुणी तपासायला धाडलीच नव्हती.

सावंतवाडीत माझी एक खोली, एक मायक्रोस्कोप,
आणि मेणाच्या वड्या पाडणारा गजू सारंग.
केसाचे वीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढा काप.
जांभळा रंग, मग गुलाबी, मग काच.

भिंगाखाली विणकाम निघालं.
सडपातळ पेशी, तिरक्या, मग उलट तिरक्या,
एका न दिसणाऱ्या खुंटीभोवती वळत गेलेल्या.
पुस्तकं याला चटईची वीण म्हणतात.
मला चुडतांचे झाप आठवले,
ओल्या पातींचे, खाडीत कुजवून काढलेले.
चेहरे गरीब होते पेशींचे. घाई नाही, आरडाओरडा नाही.
फक्त खाली, चरबीत,
खाजणाच्या बांधाला कुर्ल्यांनी भोकं पाडावीत
आणि भरती गुपचूप भाताच्या वाफ्यात उतरावी
तशा त्या आत गेलेल्या.
वरून बांध शाबूत.
चाकूने दोनदा बांधच खरवडला होता.

ती स्वतः आली रिपोर्ट न्यायला. पदर खांद्यावरून सरकवून म्हणाली,
"ओझ्यान झाला काय गो? हारो ह्याच खांद्यार घेतंय."
मी नाही म्हटलं.
"मगे उन्हान?"
तेही नाही.
तिला बरं वाटलं नाही. कारण नसलेलं दुखणं
घरी नेऊन ठेवायचं कुठे?

एक चाचणी मुंबईला पाठवावी लागते, तिचं नाव फिश.
ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे म्हावऱ्याचीच!"
फोटो आला तेव्हा मी तिला दाखवला:
काळ्या पाण्यात लाल दिवे, हिरवे दिवे,
रात्री होड्यांना असतात तसे,
आणि दोन जागी लाल-हिरवा इतके खेटलेले
की उजेड पिवळा पडला.
बावीस नंबरचं गुणसूत्र सतरा नंबरच्याला जोडलं गेलेलं.

कधीतरी, कुठल्याशा एकाच पेशीत,
दोन जाळी एकाच वेळी तुटली.
शिवणाराने शिवली, प्रामाणिकपणे,
फक्त याची टोकं त्याला.
एका जाळ्यात कोलॅजनचं दार होतं,
कातडीत ते रात्रंदिवस उघडंच असतं.
दुसऱ्यात एक हाक होती,
जखम झाल्यावरच मारायची: या, भरून काढा.
आता ती हाक उघड्या दारात उभी.
जखम नाही, तरी या.
भरून झालं, तरी या.
आणि पेशी येत राहिल्या, आज्ञाधारक,
नसलेली जखम विणत.

हे तिला मी असंच सांगितलं का, आठवत नाही.
बहुतेक म्हटलं, जोडताना चूक झाली, कुणाची नाही.

गोव्यात ऑपरेशन झालं. या वेळी रुंद, खोल, स्नायूवरच्या पडद्यासकट.
तुकडा माझ्याकडेच आला. मी कडेला निळी शाई फासली
आणि आठवडाभर तेवढंच पाहत बसले,
एकेका काचेवर, शाईपासून किती दूर, शाईपासून किती दूर.
लिहिलं: कडा मोकळ्या.
लिहून पुन्हा एक काच पाहिली.

मेमध्ये निवतीला गेले. खांदा अजून वर उचलत नव्हता तिचा,
तरी ती झाप विणत होती, डाव्या हाताने जास्त.
माझ्याकडे एक पात दिली. मी विणलं,
चार बोटं बरं जमलं.
शेवटी तिने माझ्या हातातून ओढून घेतलं,
टोक दुमडलं, खाली खोचलं, अंगठ्याने दाबलं.
"हय कड नाय घेतलंस तर सगळा सुटतला."

दर सहा महिन्यांनी यायचं, मी आठवण केली.
"येतलंय," ती म्हणाली, आणि पुढचं चुडत ओढलं.
परतीच्या एस्टीत ड्रायव्हरशेजारी एक बाटली होती,
चिकटपट्टी लावलेली, माझ्याच पत्त्याची.