चूक यंत्राची असेल तरच

रात्रपाळीत माझ्याकडे अमेरिका येते
ऐरोलीच्या सहाव्या मजल्यावर,
पिवळट पानांचे फोटो होऊन.
भाषणं, कायदे, कोर्टाचे निकाल.
यंत्र ते वाचतं आणि चुकतं.
मी यंत्राच्या मागून जाते
सांडलेलं वेचत.

‘ऑल’ला ते ‘एल’ वाचतं.
सगळी माणसं समान, असं जिथं लिहिलंय
तिथं दुखणेकरी माणसं समान होतात.
मी एल काढते, ऑल घालते.
पाळीला एकशे चाळीस पानं.

पहिल्याच दिवशी सोनटक्के सरांनी बजावलं होतं,
चूक यंत्राची असेल तरच हात लावायचा.
न्यायाधीशाची असेल
तर जशीच्या तशी.

म्हणून अठराशे सत्तावन्नचा तो निकाल,
काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही,
मी स्वल्पविरामासकट नीट बसवला.
अचूकता शंभर टक्के.
सर म्हणाले, व्हेरी गुड, केणी.
त्या रात्री मी डबा तसाच घरी नेला.
सुकटीच्या वासाचं कारण सांगितलं आईला.

एकदा एक पान कोरं आलं.
यंत्रानं ते बाजूला टाकलं होतं.
मी स्क्रीनचा उजेड वाढवला, काळं आणखी काळं केलं,
तेव्हा हळूहळू दिसायला लागलं
तुरुंगाच्या रेघी कागदावर
पेन्सिलीनं लिहिलेलं:
मला वकील हवा होता, पैसे नव्हते.
त्या कागदामुळे सव्वा वर्षानं कायदा बदलला.
यंत्राला पेन्सिल दिसत नाही.
हे मी कुणाला कळवावं, ते ठरेना.

चोपन्न साली नऊच्या नऊ जण म्हणाले,
वेगळ्या शाळा म्हणजे समान शाळा नव्हेत.
ते वाचून मी उठून पाणी प्यायले.
पुढल्या पानावर पंचावन्न साल होतं.
मग बदलायचं कधी? तर म्हणे,
विचारपूर्वक वेगानं.
हा वेग माझ्या ओळखीचा आहे.
बेलापूरला टेबलामागे बसतो,
साहेब साइटवर गेलेत म्हणतो,
दीड वाजता जेवायला उठतो.

आमचं खाजण याच इमारतीच्या मागे होतं,
चार बांध पलीकडे.
बाबांसमोर कुणी ‘जमीन गेली’ म्हटलं
की ते लगेच दुरुस्त करतात,
गेली नाय. नेली.
साडेबारा टक्क्यांची फाईल
सिमेंटच्या पिशवीत, खाटेखाली.
आजोबांच्या अंगठ्यापासून माझ्या सहीपर्यंत.

सकाळी साडेसहाला गोठिवलीच्या नाक्यावर गाडी सोडते.
बाबा ओट्यावर जाळं शिवत असतात.
खाडीत आता मासा नाही, पण जाळं फाटतं.
काल काय वाचलंस, हे रोज विचारतात.

काल मी सांगितलं,
एका टोळीनं कोर्टात दाद मागितली.
मोठ्या कोर्टानं सांगितलं, त्यांच्या मुलखात
राज्याचा कायदा चालत नाही.
बाबांनी सुई थांबवली. मग?
मग सहा वर्षांनी सोजिरं आले,
थंडीत पायी चालवत नेलं सगळ्यांना.
चारेक हजार वाटेत मेले.
निकाल त्यांचा, तरी नेलं?
तरी.

बराच वेळ फक्त रिक्षा जात होत्या.
उरलंय काय त्यांच्यातलं कोन?
हो, म्हटलं. आहेत. आणि शेजारच्या टोळीला
दिलेला शब्द परवा, दोन हजार वीस साली,
त्याच कोर्टानं खरा धरला.
किती वर्सांनी?
मी बोटांवर मोजलं.
पावणेदोनशेच्या वर.

बाबा हसले. दात आता पुढचे दोनच.
मंग आपली तर आत्ताच सुरवात झाली, बाय.

आत गेले, खाटेखालून पिशवी ओढली,
उंदरानं कुरतडलंय का ते पाहिलं,
सगळ्यात वरच्या कागदावर फुंकर मारली
आणि सुतळीची गाठ पुन्हा बांधली,
सुटणारी.

मला म्हणाले, झोप जा.
रातच्याला परत जायचंय तुला,
त्यांच्या चुका काढायला.