साठ टक्के

पाटीवर कन्नड मोठं काढायचं, मराठी बारीक.
कायदा आहे. पट्टी घेऊन मोजायला माणूस येतो.
बत्तीस वर्षं ब्रश धरलेला हात
आता आपोआप साठावर थांबतो.

एका बुधवारी, दुपारी,
खानापूर स्टँडमागच्या माझ्या खोपटाशी
एक बाई उभी. पन्नाशीची, गव्हाळ, पाठीवर बोचकं.
समोरून चहावाला परशराम ओरडला,
"बघ रे काय शोधूलाल्यात, सकाळपासनं फिरूलाल्यात."

सोबत गोव्याचा एक पोरगा, दुभाषा.
म्हणाला, ह्या अर्जेंटिनाच्या. सिल्विया गादी.
ह्यांचे आजोबा इकडचे. राऊल गादी.

राऊल. गादी.
मी हसलो, आणि मग ब्रश रॉकेलात टाकला.
रवळू घाडी!
घ मधला ह बोटीवरून समुद्रात पडला असणार,
आणि ळ तर तिकडे कुणाला उचललाच नसेल,
बंदरावर बेवारस राहिला.

शंभरएक वर्षांमागं गेलेला हा रवळू
मुंबईच्या धक्क्यावर पंजाब्यांच्या टोळीत शिरला,
तिकडे आधी रुळांखाली लाकडं टाकली,
मग साखर कारखान्यात भट्टीपुढं उभा राहिला.
गावाचं नाव रोसारिओ दे ला फ्रोन्तेरा.
म्हटलं, म्हणजे काय?
पोरगा म्हणाला, फ्रोन्तेरा म्हणजे सीमा.
"घ्या," परशराम म्हणाला,
"सीमेवरनं उठला आणि सीमेवरच जाऊन बसला की."

ती गुंजीला जाऊन आली होती.
घाडींची अकरा घरं. सगळ्यांनी पाणी दिलं,
बसायला घोंगडं दिलं,
आणि आत जाऊन जमिनीचा उतारा काढून बघितला,
वाटा मागायला तर आली नाही ना.
रवळू कुणालाच आठवत नव्हता.
आठवला असता तरी त्या दिवशी आठवला नसता.

तिनं तुंबीएवढ्या भोपळ्यात पाला भिजवला,
रुप्याच्या नळीनं ओढला, मला दिला.
काडेचिराइताची चुलत बहीण.
मी दुसऱ्या घोटाला हात आडवा केला, "साकु."
ती दचकली.
साकु! आजोबा जेवताना हेच म्हणायचे.
अजून दोन शब्द आहेत माझ्याकडे, म्हणाली,
भाकरी. आणि हळू.
ही तिन्ही एकाच भाषेतली ना?

परशरामनं माझ्याकडे बघितलं.
मी रस्त्याकडे बघितलं.
ह्या प्रश्नावर इथं दुकानं बंद झालीत,
बसच्या काचा फुटल्यात, माझीच पाटी
दोनदा डांबरानं फासलीय.
"हो," मी म्हटलं. "एकाच घरातली."

मग तिनं काम सांगितलं.
कबरीवर लावायला एक पत्रा.
आजोबांचं नाव, आजोबांच्या अक्षरात.
अक्षर कसं होतं त्यांचं?
तिनं कराराचा पिवळा कागद उलगडला.
खाली, सहीच्या जागी,
निळा अंगठा.

रात्री कंदिलाच्या उजेडात भिंग लावून बसलो.
वीज होती, पण वीज फार पांढरी पडते.
एकेक रेघ उतरवली, वळण घेत,
जांबोटीच्या घाटावरून दिसणाऱ्या भातखाचरांच्या बांधांसारखी.
मध्ये एके ठिकाणी रेघा तुटलेल्या,
विळा लागला असेल लहानपणी.
तीही जखम काढली.
किती टक्के काय, मोजायचं कारण नव्हतं.

सकाळी पैसे घेतले. कमी सांगितले, पण घेतले.
रंग ओला होता; मी बोटांनी खूण केली, धरू नका मधे.
तिनं पत्रा कडेनं धरला, दोन्ही हातांवर,
नुकतं जन्मलेलं धरतात तसा.
लोंढ्याच्या गाडीत बसली.
स्टँडच्या तोंडाशी तो खड्डा आहे,
तो यायच्या आधीच ती पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाली,
"हळू."

"आयतु," ड्रायव्हर म्हणाला,
आणि गाडी खरंच हळू गेली.