शिट्टी

खातूशेठ पडले
त्या दिवशी धक्क्यावर आंब्याचा शेवटचा ट्रक भरत होता.
खोकी त्यांचीच. दोन डझनी, पाच डझनी,
बाजूला हवेला भोकं, वर सोनेरी अक्षरांत नाव.
एरवी खोकेवाले म्हटलं की
आमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठाच यायचा;
निवडणुकीत शब्दाचा अर्थ फिरला
आणि शेवटपर्यंत तो त्यांना पुसता आला नाही.

अपक्ष. चिन्ह शिट्टी.
वापीच्या कारखान्यातून अकरा हजार शिट्ट्या आल्या,
पिवळ्या, लाल, गळ्यात अडकवायला दोरी.
अंगणवाडीत वाटल्या, बाजारात वाटल्या,
जाळी सांधणाऱ्या म्हाताऱ्यांनीसुद्धा एकेक घेऊन ठेवली.
नांदवेळची कुत्री पंधरा दिवस झोपली नाहीत.

मी त्यांचा बूथ एजंट.
मराठी शाळा, खोली नंबर दोन,
दिवसाला सातशे, जेवण वेगळं.
फळ्यावर अर्धा पुसलेला सुविचार,
मागच्या बाकावर गुडघे आखडून मी,
यादीवर खुणा करत:
हा आपला. ही आपली. हे अख्खं घर आपलं,
शेठनी पंप दिला ते.
हेही, ह्यांचा पोरगा शेठनी वापीला लावला.
संध्याकाळी माझ्या हिशेबाने चारशे बारा.

मशीन उघडलं तेव्हा एकोणऐंशी.

लोक म्हणतात, पैसा कमी पडला.
खोटं. मांडवात अजून
तांदळाची नऊ पोती आहेत.
कमी पडला तो खांदा.
दाजी पेवेकर खातो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
जेटीचं निम्मं सिमेंट त्याच्याच बंगल्यात आहे.
पण आमच्या बाबांना
रात्री दोन वाजता खाडीपलीकडून होडीत घालून आणलं
तेव्हा ओहोटी होती,
आणि पुढच्या बाजूला दाजी होता,
मांडीपर्यंत चिखलात.
शेठनी दुसऱ्या दिवशी हार पाठवला.
चांगला होता हार.
खोक्यातून आला होता.

निकालानंतर चौथ्या दिवशी शेठ स्वतः आले,
गाडी सड्यावर ठेवून, पाखाडी उतरून, एकटे.
रिक्षावाल्याचे दिले, स्पीकरवाल्याचे दिले,
भाकऱ्या थापणाऱ्या बायांचे मोजून दिले,
कुणाचा एक रुपया बुडवला नाही.
मला पाकीट दिलं
आणि यादी मागितली, खुणांची.
चष्मा कपाळावर सरकवून
पानं उलटत राहिले.
मी घामाघूम. आता विचारणार.

'हे बाळा गुरवाचं घर ना? पंप चालतो?'
'चालतो.'
'पाणी?'
'पुरलं यंदा, मे अखेर.'
बरं, म्हणाले.
यादीची घडी घातली, खिशात ठेवली,
मुलीचा बाप ठेवतो तशी,
स्थळाकडून परत आलेली पत्रिका.

त्या यादीत एकशे सत्त्याऐंशी नंबर माझा.
नावापुढे माझ्याच हातची खूण.
एकोणऐंशीत मी नव्हतो.
हे त्यांना ठाऊक होतं का,
मला अजून कळलेलं नाही.

पाखाडी चढताना ते मध्येच दम घ्यायला थांबले.
खालच्या वाडीत कुठल्याशा पोराने शिट्टी धरली,
एसटी मागे घेताना कंडक्टर वाजवतो तशी,
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या.
शेठ दोन पायऱ्या मागे आले.
मग काय ते लक्षात येऊन
धोतराचा सोगा उचलून
पुन्हा चढू लागले.