मेण

धायरीच्या शेडमध्ये सोवनी सरांचा ब्राँझचा बिबट्या
वर्षभर विकला जात नव्हता.
मिशांची मुळंसुद्धा मोजून घेतलेली,
खांद्याचा उंचवटा, पंजाखालची गादी,
सगळं कात्रजला, पिंजऱ्यासमोर बसून.

चांगुणा हिलम चप्पल दाराशी सोडून आत आली.
बिबट्याभोवती एकदा फिरली, म्हणाली,
"ह्याला कुणीतरी खायला घालतंय."
सर हसले नाहीत. मी कानस खाली ठेवली.

तिला बोलावलं होतं
खेकडे धरणारी बाई करायची म्हणून.
रोजचे पाचशे, वर वेल्ह्याच्या एसटीचं भाडं.
"नुसतं बसायचे?" तिनं दोनदा विचारलं.
वीटभट्टीवर दिवसभर उभं राहून
इतके कधी हातात आले नव्हते.

शाडूत ती अकरा दिवसांत उतरली:
पोटऱ्या, कासोट्याची गाठ,
कोपरावरचा जुना भाजल्याचा डाग,
आणि पाण्यावर रोखलेले डोळे.
त्या डोळ्यांवर सरांचे तीन दिवस गेले होते.

बाराव्या दिवशी ती म्हणाली,
"बिळात हात घातल्यावर पाण्याकडं कोण बघतं?
हात बघतो की.
मी बघते पोर कुठं गेलं ते."

सरांनी तार घेतली, मान कापली,
आणि डावीकडे वळवून बसवली.
डावीकडे शेडमध्ये फक्त गॅसचे सिलिंडर.

मग मेण. तिच्याच भावानं आणलेलं,
आग्या मोहळाचं, अजून धुराचा वास येणारं.
मी तांबट आळीतला. वडील बंब ठोकायचे;
धातूला बाहेरून मारून आकार देतात
एवढंच मला ठाऊक.
इथं आधी मेण जळून जातं
आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू शिरतो.
हे तिला सांगितलं, तर म्हणाली,
"म्हंजे आमचं आत काहीच ऱ्हात नाही."
मी म्हणालो, आकार राहतो.
तिनं पदर खोचला, बसची वेळ विचारली.

साचा फोडल्यावर
टोपलीच्या तळाशी एक अंगठा उमटलेला दिसला.
सरांचा नव्हता, माझाही नव्हता.
कानस लावली. मग उचलली.

आता ती बाणेरला, एका टॉवरच्या लिफ्टशेजारी असते.
परवा पॉलिशला गेलो
तर वॉचमननं आपली खुर्ची हलवलेली, पार खांबामागं.
म्हणाला, "ती सारखी कुणाला तरी शोधते.
समोर बसलं की
मला उगाच उठून बाहेर बघावं लागतं."