नोल्फाने पाहिलेलं शहर

वाल्पाराइसोला निघालो तेव्हा भाच्याने बजावलं होतं:
अंगठ्या काढा, पैसे तीन ठिकाणी ठेवा,
रस्त्यात फोन बाहेर काढायचा नाही,
चारच्या आत बंदर सोडायचं,
आणि कोणी म्हणालं, "आजी, तुमच्या कोटावर काहीतरी सांडलंय,"
तर थांबायचं नाही. झपाझप चालू लागायचं.

झपाझप म्हणे!
माझा डावा गुडघा दर वीस पावलांवर टोलनाका उभारतो.

अंगठी मी मोज्यात घातली.
बेचाळीस वर्षं बोटात होती, कधी टोचली नाही.
टाचेखाली गेली आणि
रुबेन पावलोपावली आठवायला लागला.

टेकडीवर नेणारा लाकडी डबा बंद होता.
दारावर पाटी: दुरुस्ती चालू आहे.
पाटीचाही रंग उडालेला.
शेजारी पायऱ्या. एकशे अठरा. मी मोजल्या,
बसल्या जागेवरून.

डोळे माझे शाबूत आहेत.
पाय नोल्फाचे बरे, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेलेली.
कियोताची औषधवाली म्हणते,
तुम्हा दोघी बहिणींची मिळून एक धड बाई होते.

"मी जाऊन येते," नोल्फा म्हणाली, "आल्यावर सांगते सगळं."
आणि मग चोरांच्या भीतीने
पर्स माझ्याकडे, फोन माझ्याकडे, घड्याळ माझ्याकडे,
का कोण जाणे, दातांची डबीसुद्धा.

लिंबं विकणाऱ्या ओरिएताने मला खोका दिला बसायला.
रस्त्याच्या मधोमध एक कुत्रा झोपला होता,
बस त्याला वळसा घालून जात होती,
ड्रायव्हर हॉर्नही देत नव्हता.
गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन वर गेला,
रिकामा घेऊन खाली आला,
पुन्हा भरलेला घेऊन वर.
दोन्ही वेळा त्याला नोल्फाला वळसा घालावा लागला.

कारण नोल्फा पहिल्या वळणावरच बसली होती.
एकवीस पायऱ्या. कठडा धरून, मग हळूच टेकून.
मला वाटलं, दम खातेय. उठेल.
उठली, पण वर गेली नाही, भिंतीकडे गेली.
भिंतीवर कुणीतरी मासा काढलाय, घराएवढा.
तिने नाक जवळजवळ रंगाला लावलं
आणि वीतभर वीतभर सरकत
तो मासा वाचला,
शेपटीपासून डोळ्यापर्यंत,
सरकारी पत्र वाचावं तसा.

तीन वाजता खाली आली. गाल लाल.
"काय सांगू तुला! निळं, नुसतं निळं!
आणि त्यात मासा, त्याच्या डोळ्यात एक गंजका खिळा आहे,
कुणी तिथे पिशवी अडकवत असेल."
"आणि समुद्र?" मी विचारलं.
"समुद्र तर आहेच."
"बोटी किती होत्या?"
क्षणभर थांबली. "सात."

बंदरात तीन होत्या.
"असतील," मी म्हटलं, "खालून मला तीनच दिसल्या."

तेवढ्यात मागून एक माणूस ओरडला,
"आजी, अहो आजी, तुमच्या कोटावर—"
आम्ही एकमेकींचा हात धरला आणि सुटलो!
नोल्फाला खड्डा दिसेना, मी सांगत गेले, डावीकडे, आता उजवीकडे,
मला पळता येईना, ती ओढत गेली.
गुडघ्याने एकही टोल घेतला नाही.
लिंबांची पिशवी ओरिएताकडेच राहिली, पैसे दिलेले.

बसमध्ये तिने खिडकीकडे तोंड केलं
तेव्हा दिसलं: तिच्या पाठीवर, खांद्याच्या खाली,
तळहाताएवढा पांढरा डाग.
सीगल पक्ष्याचा. ताजा.
तो बिचारा खरंच सांगत होता.

"थांब, पुसते," मी रुमाल काढला.
"काय आहे?"
मी सांगितलं.
ती एवढी हसली की पुढच्या सीटवरचं पोर वळून बघायला लागलं.
"राहू दे," म्हणाली,
"वर गेल्याची तेवढीच खूण."

मी मोज्यातून अंगठी काढली.
टाचेला गोल वळ उठला होता.