शेपूट

तासगावबाहेर, मणेराजुरीच्या रस्त्याला
बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
रात्रपाळीला मी, कॉम्प्रेसर,
आणि भूपालकाका मगदूम.
त्यांची मुनिमी कधीच संपली,
खुर्ची मात्र कुणी मागितली नाही.

दर मिनिटाला फाईलीत एक ओळ पडते:
वेळ, खोलीचा नंबर, आतली थंडी.
महिनोन् महिने साठलेली ती फाईल
अख्खी उघडायला गेलं
तर संगणक चढाला लागलेल्या ट्रकसारखा गुरगुरतो.
म्हणून लिहायचं, टेल.
मागचं सगळं अंधारात राहू दे,
शेवटच्या दहा ओळी तेवढ्या पुढं आण.

"टेल म्हंजे?" काकांनी पहिल्या रात्रीच विचारलेलं.
शेपूट, म्हटलं.
"हत्ती गेला न् शेपूट राहिलं, त्यातलं?"
तसं नव्हे, काका. हत्ती इथंच आहे, वाढतोय अजून.
आपण शेपटाला हात लावून बघायचं,
जागा आहे का.

पुढं डॅश आणि एफ जोडला
की खालून ओळी येतच राहतात,
मारुतीचं शेपूट.
चार. चार पूर्णांक एक. चार. चार.
काका बघत बसायचे, सुपारी कातरत.
"जपमाळच की गं ही."

मग मे महिन्यातली ती रात्र.
शेवटची ओळ: एक वाजून बारा, खोली तीन, चार.
खाली कर्सर लुकलुकतोय.
मी डबा सोडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी.
वाटलं, शांत आहे सगळं.
शांत आणि बंद, काळ्या पडद्यावर
दोन्ही सारखीच दिसतात.
काकाच म्हणाले, "दोन वाजून गेलं की.
हे बारा मिंटावरच का अडलंय?"

मिरजेला निलोफर मणेरला फोन लावला.
ती झोपेतच बोलली, एका दमात:
फाईल भरली असणार. यंत्रानं जुनीचं नाव बदललं,
त्याच नावाची कोरी मांडली.
तुझा एफ बारका आहे, तो जुनीलाच धरून बसलाय.
कॅपिटल टाक. तो नावाच्या मागं जातो.

टाकला.
आठ पूर्णांक नऊ. नऊ पूर्णांक चार.
खोली तीन, दहा.
खोली तीन, दहा पूर्णांक सात.

बॅटरी घेऊन पळाले.
दाराच्या फटीत एक चेपलेली पेटी,
संध्याकाळी हमालानं ढकललेली, तशीच.
आत बेदाण्याचा वास ओला झालेला.
पेटी ओढली. दार असं लावलं
की खांदा चार दिवस दुखला.

परत आले तर काका पडद्याशी वाकून,
शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसलेले,
रोजकीर्दीवर ठेवायचे तसं.
मान वर न करता म्हणाले,
"एका पाडव्याला नवी वही पुजली, हळदकुंकू वाहिलं,
आन् मी महिनाभर जुन्याच वहीत लिवत हुतो,
मागं कोरी पानं हुती म्हणून.
शेटजींनी बघितलं. बोललं न्हाईत.
जुन्या वहीवर त्यांच्या भावाचं नाव हुतं,
नव्या वहीवर न्हवतं."
"हिशेब चुकला?"
"पैशाचा न्हाई."

पाच पूर्णांक दोन. चार पूर्णांक आठ.

सहाला निवडणीच्या बायका आल्या,
डोक्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकच्या चपला.
दिवसपाळीचा विनायक खुर्चीत बसला.
मी काही बंद केलं नाही, नुसती उठले.

दारात काका थांबले.
"ती जुनी फाईल? टाकून देत्यात?"
नाही. नावापुढं एकचा आकडा लागतो, राहते पडून.
"उघड बघू."
विनायकला सरकवून लिहिलं, टेल.
दहा ओळी आल्या आणि थांबल्या.
एक वाजून बारा, खोली तीन.
काकांनी चष्मा पुसून वाचलं:
चार.
"हितं अजून गारच हाय," म्हणाले,
आणि सायकलचं कुलूप शोधायला लागले.